रक्ताची अट

आमच्या ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी कोटावर बारीकशी पिन लावायचा. त्याचा कुणी पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. ते कागदोपत्री सिद्ध करून त्याने एका संस्थेचं सभासदत्व मिळवलं होतं. झालं, माझं डोकं फिरलं. दोनशे वर्षांची ती काय मिजास! आम्ही गोवंडे म्हणजे चारशे वर्षांचे लोक. पिन नाही, एवढंच.

म्हणून १९८६च्या उन्हाळ्यात मी वेस्ट विंडसरमध्ये 'गोवंडे कुलमंडळ, उत्तर अमेरिका' काढलं. इथल्या सगळ्या गोवंड्यांची वंशावळ छापायची, दरवर्षी जमायचं. अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच. माझी बायको पद्मजा म्हणाली, एवढ्या उत्साहाने कधी लॉन कापलं असतंस तर. मी दुर्लक्ष केलं.

नियमावली मीच लिहिली. पहिलाच नियम, सभासद जन्माने गोवंडे हवा, म्हणजे रक्ताचा. वाक्य भारदस्त वाटलं म्हणून घातलं, खरं सांगतो. पुरावा म्हणून प्रत्येकाने आपापली वंशावळ आणायची. माझी मी चुटकीसरशी लिहिली. श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं घेतोच की, तीच उतरवली.

पहिली बैठक आमच्या बेसमेंटमध्ये भरली, दहा-बारा गोवंडे जमले. एडिसनहून गिरीश गोवंडे आला, बायको रेखा आणि सात वर्षांच्या कांचनला घेऊन. कांचनला त्यांनी पुण्याच्या अनाथाश्रमातून दत्तक घेतलं होतं. गिरीशने एकच विचारलं, छापील वंशावळीत कांचनचं नाव त्याच्या नावाखाली येईल ना? पोरगी कधीची त्याचीच वाट बघत होती.

झाली ना पंचाईत. मी घसा खाकरून पहिला नियम वाचून दाखवला. वाईट वाटत होतं, पण अध्यक्षाने पाघळून कसं चालेल? नियम म्हणजे नियम, असंही वर म्हणालो. रेखाने पर्स उचलली.

माझी आई तेव्हा भारतातून आमच्याकडे राहायला आली होती. ती कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"नरू, मग चल, आपणही उठू या," ती म्हणाली. "तुझे आजोबा दत्तक होते. जन्माने फडके."

पलीकडे ड्रायर तेवढा गरगरत होता. मी कसंबसं विचारलं, आई, हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? घरचेच होते ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरीशने टोमणा मारला असता तरी परवडलं असतं. मी पेन काढलं, पहिला नियम खोडला आणि वंशावळीत गिरीशच्या नावाखाली कांचनचं नाव लिहिलं. कांचनने ते वाकून नीट तपासलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, यू टू?"

"हो गं," मी म्हणालो.

ती थोडी विचारात पडली. मग तिने माझं बोट धरलं आणि मागे वळून विचारलं, "बाबा, कॅन ही स्टे?"

सगळ्यांनी गिरीशकडे बघितलं. अध्यक्ष मी होतो, पण त्याच्या उत्तराची वाट मीही बघत होतो.