हिंदुरावांच्या डंपरवरची ताडपत्री

जरा माझी घडी उलगडा, कडा ओढून मला सरळ करा, म्हणजे मला नीट बोलता येईल. मी ताडपत्री. जाड सुताची, हिरवी, कडेनं पितळी रिंगा लावलेली. जन्म भवानी पेठेतला, नांदते पाथरेवस्तीला.

ज्या कारागिरानं मला शिवलं त्याला फारसं बोलायची सवय नव्हती. सुई मोडली की मात्र तो मनसोक्त बोलायचा. माझी शिवण जाड, त्यामुळे मी तयार होईपर्यंत माझ्या कानावर बरंच काही पडलं. पुढे ट्रकवाल्यांमध्ये राहायचं होतं, तेव्हा ते शिक्षण वाया गेलं नाही.

दुकानातल्या माझ्या बहिणी एकेक करून निघून गेल्या. कोणी लग्नाच्या मांडवाला, कोणी मार्केट यार्डात. मी कुठे जाणार या विचारात होते, तेवढ्यात हिंदुराव आले. शेतकरी घरातला उंचापुरा माणूस, शेतापलीकडच्या दगडखाणीतून स्वतःच्या डंपरनं खडी वाहणारा. त्यांनी मला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

"मालक, महापालिकेचा नियम आलाय. खडी झाकून न्यायची म्हणत्यात. ही टिकंल का?"

मालकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "टिकेल की. वापरली तरच फाटते."

त्या वेळी मला हा माणूस खवचट वाटला होता. पाथरेवस्तीला गेल्यावर कळलं, त्याला आपल्या गिऱ्हाइकांची पुरती ओळख होती.

पाथरेवस्ती महापालिकेत आली तेव्हा पाणी आलं नाही, पण नियम लगेच आले. खाणीकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा एक मोठा निळा फलक उभा राहिला. खडी आणि कच वाहून नेणाऱ्या गाड्या पूर्ण झाकलेल्या असाव्यात. शाळा भरताना आणि सुटताना जड वाहनं जागेवर थांबवावीत. खाणमालकानं रस्त्यावर टँकरनं पाणी मारावं. सुरुंग ठरल्या वेळेलाच उडवावेत. गावानं फलक वाचला, मान डोलावली आणि त्याच्या सावलीत मोटारसायकली लावायला सुरुवात केली.

मी घरी आले त्या दिवशी हिंदुरावांच्या बायकोनं, तुळजाबाईनं, डंपरला हळदकुंकू लावलं आणि मलाही लावलं. मला फार बरं वाटलं. मग तिनं माझ्यावरून तळहात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाली, "काय गुळगुळीत हाय वो ही! ह्याच्यावर कुरडया काय झ्याक वाळतील!"

तिथेच माझं नशीब ठरलं, पण तेव्हा मला ते उमगलं नाही.

सुरुवातीचे दिवस मी डंपरवर काढले आणि ते दिवस मोठ्या मजेचे होते. खडी ही जात मुळात उनाड. गाडी हलली की तिला बाहेर उड्या मारायच्या असतात आणि तिच्यातली बारीक पांढरी भुकटी, म्हणजे कच, तर वाऱ्याची वाटच बघत असते. मी दोन्ही बाजूंनी दोर आवळून वर बसायचे आणि सगळ्यांना गप्प करायचे. वारा खालून शिरून मला फुगवायचा प्रयत्न करायचा, मीही त्याला दाद द्यायचे नाही. रस्त्याकडेच्या बायका तोंडाला पदर न लावता चालायच्या. हे माझ्यामुळे आहे, असं मी मनात म्हणायचे. थोडा गर्व झाला होता, कबूल करते.

मग चैत्र आला. गहू भिजले, वाटले गेले, चीक निघाला. कुरडया-पापडांचं हे काम तुळजाबाईचं स्वतःचं होतं. शेतातलं काम सासऱ्यांचं, डंपर नवऱ्याचा, पण कुरडया तिच्या. तिच्या नावानं माल पार सदाशिव पेठेपर्यंत जायचा, आणि हे सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा व्हायचा.

"आवो, ताडपत्री चार दिस घरी ऱ्हाऊ द्या," ती हिंदुरावांना म्हणाली.

"अगं, नाक्यावर इचारलं तर?"

"सांगा, धुवायला टाकलीय."

हिंदुरावांनी खरोखरच तसं सांगितलं. आणि गंमत बघा, नाक्यावरच्या माणसानं ते ऐकूनही घेतलं.

मी अंगणात पसरले. माझ्यावर धुतलेलं जुनं लुगडं आलं आणि त्यावर सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया पडू लागल्या. शेजारच्या बायका, गप्पा, मध्येच गरम चिकाची वाटी. हे सुखही काही कमी नव्हतं, खोटं कशाला बोलू! एकदा लुगडं सरकलं आणि चिकाचा एक मोठा ओघळ थेट माझ्यावर सांडला. त्याचा पांढरा डाग पुढे किती घासला तरी गेला नाही.

एक गोष्ट मात्र मला पडल्या पडल्या दिसायची आणि बाकी कोणालाच दिसत नव्हती. अंगणासमोर गावानंच भांडून करून घेतलेला गतिरोधक होता. हिंदुरावांचा भरलेला, उघडा डंपर तिथे यायचा. बायको अंगणात दिसली की हिंदुराव प्रेमानं हॉर्न वाजवायचे. डंपर गतिरोधकावर धाडकन आदळायचा, खडी उसळायची आणि कचाचा एक लोट तरंगत तरंगत अंगणात उतरायचा. तुळजाबाई लाजून हसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

मी डंपरवर असते तर कच उडला नसता. पण मी तर कुरडयांच्या खाली होते!

आणि हे काही एकाच घरचं नव्हतं. गावातल्या प्रत्येक डंपरसाठी ताडपत्री घेतलेली होती. माजी सरपंच बापूरावांची म्हशींच्या गोठ्यावर होती. दुसरी कोणाच्या कांद्यावर, तिसरी एका लग्नात आचाऱ्याच्या चुलीवर. नियमाप्रमाणे खरेदी पूर्ण झाली होती, फक्त एकही ताडपत्री गाडीवर नव्हती.

यंदाचा पहिला माल सदाशिव पेठेत गेला आणि मग तो फोन आला. तुळजाबाईचे हात चिकात होते, म्हणून तिच्या लेकीनं, वैष्णवीनं, फोन स्पीकरवर लावला. पलीकडे मंदाकिनीबाई होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, आणि त्यांच्या शब्दावर त्यांची अख्खी इमारत कुरडया घ्यायची.

"तुळजाबाई, कुरडया पोचल्या. चव उत्तम आहे. खडी मात्र पुढच्या वेळी वेगळी बांधून द्या."

"खडी? न्हाई वो ताई, माझ्या कुरडईत खडा कसला?"

"तेच मी माझ्या दाढेला विचारते आहे." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघा, कादंबरीच्या, माझ्या नातीच्या, रुखवतासाठी मी आपल्यालाच सांगितलंय. पण त्याही अशाच निघाल्या, तर पुढे मला कोणापुढे आपलं नाव घेता येणार नाही."

फोन ठेवल्यावर तुळजाबाईनं एक कुरडई तळली आणि चावली. कर्र आवाज मलाही ऐकू आला. ती तशीच ओट्यावर बसून राहिली. इतक्या वर्षांत जोडलेलं नाव एका दाढेखाली गेलं होतं. त्या दुपारी ती जेवली नाही. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

"आई, टेन्शन नको घेऊ. डस्ट आहे ती, रोडवरची," वैष्णवी म्हणाली. "कम्प्लेंट करू ना. रूल आहे तसा."

"करा की," हिंदुरावांनीही दुजोरा दिला. "ही दुसऱ्यांची डायवर मंडळी लई बेशिस्त. उघड्या गाड्या दामटत्यात."

हे ते मनापासून बोलत होते. माझ्याच एका कोपऱ्यावर बसून बोलत होते.

बायका क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. तिथल्या सहायक आयुक्त प्रियदर्शनी मॅडम स्वतः गावात यायला तयार झाल्या. देवळापुढच्या पटांगणात सभा ठरली. ऊन तर डोकं फोडणारं होतं.

"मॅडम काय उन्हात बसणार व्हय?" बापूराव कडाडले. "गावाची अब्रू जाईल. मांडव घाला!"

मांडव कशाचा घालणार? घरोघरी माणसं धावली. गोठ्यावरची निघाली, कांद्यावरची निघाली, अंगणातून मी निघाले. दुकान सुटल्यापासून पहिल्यांदाच मी इतक्या बहिणींमध्ये होते! एकीला म्हशींचा वास, एकीला कांद्याचा, एकीवर जिलबीच्या पाकाचे ठिपके. काठाला काठ बांधून आम्ही पटांगणावर सावली धरली. मी बरोबर मॅडमच्या खुर्चीवर होते.

सभा सुरू झाली. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला डंपरवाले. तुळजाबाई उभी राहिली. आवाज खणखणीत होता.

"मॅडम, नियम तुमचा चांगला हाय. पर एक गाडी झाकून जात न्हाई. आमी उन्हात राबायचं आन् ह्यांनी वरनं कच पेरायचा! माझं गिऱ्हाईक जायची येळ आलीय. इचारा ह्यांना, ताडपत्र्या कुठं ठेवल्यात ते!"

मॅडम डंपरवाल्यांकडे वळल्या. "ताडपत्र्या घेतल्या आहेत ना आपण?"

"घेतल्यात की!" सगळे एका सुरात म्हणाले.

"मग त्या आहेत कुठे?"

बापूराव टोपी सारखी करू लागले. एकानं उगाच मोबाइल कानाला लावला. हिंदुरावांची नजर मात्र हळूहळू वर गेली आणि तिथेच अडकली. नवऱ्याची नजर कुठे गेली हे तुळजाबाईला कळणार नाही, असं कधी व्हायचं नाही. तिनंही वर पाहिलं. माझ्यावरचा चिकाचा डाग तिला दिसला.

मॅडमच्या अजून काहीच लक्षात आलं नव्हतं. तुळजाबाई गप्प बसली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. गावापुढे मान खाली घालायची वेळ आली नसती आणि नवऱ्याचा दंडही टळला असता.

"मॅडम," ती म्हणाली, "ताडपत्र्या हितंच हायेत. आपल्या डोक्यावर. ही आमची. ह्यांनी गाडीसाठी आणली आन् कुरडयांसाठी मीच ठेवून घेतली. म्हंजे माझ्या कुरडईत खडी मीच घातली म्हणायची."

मग वैष्णवीला हसू फुटलं. पाठोपाठ एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "ती पल्याडली आमच्या कांद्याची." बापूरावांच्या सूनबाईंनी आपली ओळखली, तीही वासावरून. बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. मला त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी माझ्या खऱ्या कामाच्या नावानं ओळखलं होतं. मी वाऱ्यावर जरा जास्तच फडफडले.

मॅडमनी वर पाहिलं, सगळ्या बहिणींवरून नजर फिरवली. "सावली फारच छान आहे," त्या म्हणाल्या. "दंड आजपासून लावू की उद्यापासून, हे आपणच सांगा."

"उद्यापासनं, मॅडम," बापूराव घाईघाईनं म्हणाले.

"बरं. सभा संपेपर्यंत राहू द्या, ऊन आहे. नंतर प्रत्येकीला तिच्या गाडीवर चढवा. आणि खाणमालकांना पाण्याचा टँकर कुठे आहे ते मी स्वतः विचारते. तोही कोणाच्या लग्नात असेल, तर तसं सांगा."

संध्याकाळी तुळजाबाईनं मला स्वच्छ पुसलं, घडी केली आणि हिंदुरावांच्या हातात दिलं. इकडे रुखवताच्या कुरडयांचे गहू भिजलेले होते आणि पसरायला काही नव्हतं. तेव्हा शेजारच्या बायकांनी आपापल्या बाजा आणि जुनी लुगडी आणून गच्चीवर मांडली. वैष्णवीनं तर आपली नवी चादर दिली आणि नंतर दिवसभर तिच्याबद्दल हळहळली.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या दारावरून उघडी खडी उडवत गाडी गेली, तर ड्रायव्हरला दोन शब्द जरूर सुनवा. पण त्याआधी एकदा आपल्या अंगणात बघून या. आमच्यापैकी कोणी तुमच्याकडेच पसरलेली असायची.

आता कालचीच गोष्ट. शाळा सुटायची वेळ, म्हणून नियमाप्रमाणे आमचा डंपर भरलेला, झाकलेला, घरासमोर रस्त्याकडेला उभा होता. मी उंचावर, त्यामुळे ओटा स्पष्ट दिसत होता. रिक्षातून मंदाकिनीबाई उतरल्या. माल न्यायच्या आधी खात्री करायला त्या स्वतः आल्या होत्या.

तुळजाबाईनं कुरडया तळून पुढे ठेवल्या आणि स्वतः दाराआड उभी राहिली. मंदाकिनीबाईंनी पहिली कुरडई उत्तरपत्रिका तपासावी तशी सावकाश चावली. दुसरी घेतली. दाढेखाली फिरवून पाहिली. तिसरी घेतली तेव्हा तुळजाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"ठीक आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तुळजाबाईचा चेहरा पडला. वैष्णवी तिच्या कानाशी लागली, "अगं आई, सदाशिव पेठेत ह्याला टॉप मार्क्स म्हणतात!"

"रुखवताच्या वेगळ्या बांधा," मंदाकिनीबाई पुढे म्हणाल्या. "आणि या ताटातल्याही बांधा. यांना इथे ठेवून काय करणार? पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर आपण दुसऱ्यांचं काम घेऊन बसाल."

तुळजाबाई हसत, डोळे पुसत बाहेर आली. हातातली गरम कुरडई तिनं केबिनमध्ये हिंदुरावांना दिली. मग चालता चालता थबकली. माझा मागचा कोपरा थोडा सैल झाला होता, तिथली एक रिंग तुटली आहे. मी आता पूर्वीसारखी कोरी राहिले नाही.

"आवो, हितं ढिली हाय बगा!" म्हणत तिनं पदर खोचला, एक पाय चाकावर टेकला आणि दोर ओढून मला असं घट्ट बांधलं, की खालची खडी मुकाट्यानं गप्प बसली. इतके दिवस तिनं मला डंपरवरून उतरवलंच होतं. बांधलं पहिल्यांदाच.

शाळा सुटली. पोरं आमच्या शेजारून दंगा करत गेली. रस्ता मोकळा झाल्यावर हिंदुरावांनी गाडी सुरू केली, हॉर्न वाजवला, गतिरोधकावर आम्ही नेहमीसारखे आदळलो, पण कचाचा कणही उडला नाही. तुळजाबाई गच्चीवर उरलेल्या कुरडया उलटत होती. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बरं, मला आता निघायला हवं. खाली खडी आहे.