ट्रॅक्टरचा पोळा

धावजीने आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून, दुरुस्त करून पुन्हा बसवलं, त्याला आठवडाही झाला नव्हता. पोळ्याला ट्रॅक्टर तोरणाखालून वाजतगाजत गेला. अन् दुसऱ्या दिवशीची कर सरल्यावर वावरात निघाला, तो पारापुढेच काळा धूर ओकत बंद पडला.

आमच्या ह्यांनी सगळ्यांदेखत फोन लावला. "धावजी, ये लवकर! इंजिनची पार वाट लावली तू!" आमचे सदाशिवराव फोनवर बोलले की महागावपर्यंत बिनफोनचं ऐकू जातं.

धावजीचं गॅरेज फाट्यावर, नवंच टाकलेलं. हे त्याचं पहिलं मोठं काम. तो येईस्तोवर पारावर निकालही लागून गेला. कोणी म्हणे पिस्टन उलटा बसवला, कोणी म्हणे पाना आतच विसरला. गोविंदा म्हणाला, "माही गाडी त्याच्याकडंच टाकत होतो. आता नेतो महागावले."

हे नेमकं धावजीच्या कानावर पडलं. तोंड उतरलं बिचाऱ्याचं. "दादा, इथंच खोलतो, सगळ्यायसमोर. माही चूक निघाली तर गॅरेजचा बोर्ड आजच उतरवतो."

"उतरव!"

"अहो, खोलू तर द्या त्याला," मी म्हटलं.

"तू कायले मधात? तुले इंजिनातलं काय समजते?"

धावजीने डिझेल पाहिलं, ऑइल पाहिलं. "काळा धूर म्हंजे याले हवा भेटून नाई राह्यली. नाक चोंदलं." मग इंजिनात हवा ओढणाऱ्या उभ्या नळीचं टोपण काढून त्याने आत पकड घातली. पिवळं, तुपाळ, लिबलिबीत काहीतरी निघालं. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. अन् पकड माझ्यापुढे धरली.

"वहिनी, हा पार्ट मी टाकला नाई. तुमच्याकडचा हाय का?"

जायफळ माझंच होतं. "माय वो! पुरणपोळी!"

पार हसून लोळायचा बाकी. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे ढग बघत होते.

"अहो!"

"पवळ्या हातानं भरवल्याबिगर घास घेत नव्हता," हे हळूच म्हणाले. पवळ्याची बैलजोडी देऊन यंदाच हा जुना ट्रॅक्टर घेतलेला. "म्हटलं, याचा बी पयलाच पोळा. तोंड कुठं हाय तेच समजेना, मंग तिथं ठेवला घास. काढणार होतो... राह्यला."

हसणं आपोआप ओसरलं. धावजीने नळी पुसली, जाळी धुतली, चावी फिरवली. ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात गुरगुरला.

"इंजिन ठणठणीत हाय, दादा. अपचन झालतं."

चुकलं म्हणणं ह्यांना जन्मात जमलेलं नाही. हे गोविंदावरच ओरडले, "महागावले कायले जातं बे? गाडी याच्याकडंच टाक! असा कारागीर नाई भेटत!"

"टाका, गोविंदाभाऊ," धावजी म्हणाला. "फक्त नैवेद्य काढून आना."

दुपारी त्याला जेवायला थांबवून मी पुन्हा पुरण घातलं. ताट पुढे आलं, तर ह्यांनी पोळीचा मोठ्ठा घास मोडला, तुपात बुडवला अन् थेट धावजीच्या तोंडात कोंबला.

"दादा, हळू," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "मले बी हवा लागते!"