दादा जिथे जिथे थांबला

धाकट्या बहिणीचा घेवडा पिवळा पडला तेव्हा दादाला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबलं, पण मिशी तेवढी दाट नव्हती.

शेत दोघांचं. वडिलांनी त्याचे तुकडे न पाडता पाळी लावून दिली होती, एक हंगाम भावाचा, एक बहिणीचा. धाकटी इतकी वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात होती, त्यामुळे तिची पाळीही दादाच खात आला होता. यंदा ती नोकरी सोडून आली. दादाने पेरणीलाच तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की पीक हातचं गेलं, तर पाळी कायमची त्याची आणि तिने मुकाट्याने मशीनवर जाऊन बसायचं.

"तुझा हात सुईचा, धाकटे," तो बांधावरून म्हणाला. "गेल्या हंगामातला माझा मका आठवतो ना? गवताची एक काडी दिसली का त्यात?"

"नव्हती खरी." धाकटी वाकून पानं बघत होती. कडा करपून कुरकुरीत झालेल्या. पण सगळीकडे नाही. शेताच्या मधोमध घेवडा छान होता. तिने मान वर केली. "दादा, मक्यात तणनाशक कसं मारलंस, ते करून दाखव की. मलाही शिकायला हवं."

कुणी शिकव म्हटलं की दादाची छाती आपोआप फुगायची. त्याने रिकामा पंप पाठीला अडकवला, नळी हातात धरली आणि निघाला. डबा घेऊन आलेली वहिनी बांधावर टेकली.

"असं सरळ यायचं. इथे वळायचं." वळताना तो थांबला, दम घेतला, पट्टा सारखा केला.

"आणि फवारा?"

"चालूच. सारखं बंद-चालू कोण करतं?"

धाकटीने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. तिथला घेवडा पार जळाला होता. दादा घाईघाईने पुढे निघाला. पुढच्या वळणावरही तेच, त्याच्या पुढच्यालाही.

विहिरीजवळ तर अंगणाएवढी जागा उजाड होती.

"इथे काय केलंस?"

"इथे... दूधवाला भेटायचा."

"म्हणजे गप्पा," वहिनी बांधावरून म्हणाली. "घरीही तसंच. नळ चालू ठेवायचा आणि दाराशी बोलत बसायचं. बादली वाहते, तोंडही वाहतं."

"तू गप गं!"

"आणि औषध किती घातलंस?" धाकटीने विचारलं.

"सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त. गवताला जरा धाक बसावा म्हणून."

"गवताला बसला, आता माझ्या घेवड्याला बसलाय. दुकानदार म्हणाला, मापात मारलं तर पुढच्या पिकापर्यंत त्याचा जोर उतरतो. नाहीतर जमिनीत राहतं. मक्याला ते सोसतं, घेवड्याला नाही."

दादाने कोपऱ्याकडे हात केला. "मग तिथला बघ! कसला काळाभोर माजलाय!"

"माजलाय खरा. शेंगा दाखव."

दादाने वेल उलटेपालटे करून पाहिले. पानंच पानं. शेंगा शोधाव्या लागत होत्या. मग त्याला आठवलं. मक्याला घालून उरलेलं युरिया खत घरी कोण नेणार, म्हणून त्याने इथेच ओतलं होतं. हे तो बोलला नाही, पण वहिनीकडे बघितलं, आणि वहिनीने ते ओळखलं.

"एवढ्या वर्षांत हे कधी दिसलं नाही बरं," ती म्हणाली. "मक्यावर मका लावत होते ना."

दादा पंप उतरवून बांधावर बसला. पाळी आता हातात आल्यासारखीच होती. नुसतं 'पीक गेलं' एवढं म्हटलं की झालं. पण धाकटी काही मागत नव्हती, रडतही नव्हती. ती नुसती उभी होती, आणि तिच्या भोवती तो जिथे जिथे थांबला होता ती प्रत्येक जागा पिवळी पडून त्याच्याकडे बघत होती.

"मधलं पीक चांगलं आहे तुझं," तो शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि गेलं ते माझ्यामुळे गेलं. तुझी पाळी तुझीच."

"मोकळ्या जागी काय लावू?"

"मका. त्याला चालेल."

"मग तूच लाव. निंदणीही तूच कर, हाताने. कणसं माझी."

"कणसंही?"

"कणसंही. गवताला बसला, घेवड्याला बसला. आता जरा तुलाही धाक बसू दे."

वहिनी इतकी हसली की डब्याचं झाकण घरंगळत विहिरीपाशी गेलं.

पुढची पाळी दादाची होती. पंपात औषध घालण्याआधी धाकटीने त्यात नुसतं पाणी भरलं आणि कोरड्या जमिनीवर त्याला चालायला लावलं. ओल सगळीकडे सारखी पडते का, हे बघत ती मागून येत होती. विहिरीजवळ दूधवाल्याने हाक मारली. दादाची मान वळली, पण पाय थांबले नाहीत.

"दादा," धाकटी म्हणाली, "बोल हवं तर. फक्त चालता चालता बोल."

दूधवाला बिचारा बोलत बोलत बांधाबांधाने शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला.