चाळीस पावलं

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खांब आहे. अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि डोक्यावर गंजलेली टोपी, एवढाच माझा थाट. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे, जरा हळवं होऊन सांगावी अशी अपेक्षा असते. ते मला जमणार नाही. माझ्याकडून अकरा वर्षं खोटं वदवून घेतलं गेलं आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मला एका लोहाराने घडवलं. "हा समुद्रावर पहारा करणार आहे, याला नीट रंग दे," असं त्याने बायकोला बजावलं. तिने एक हात दिला, तो वाळल्यावर दुसरा दिला, आणि माझ्याकडे लांबून बघत म्हणाली, "दिसतोय खरा रुबाबदार!" तेवढं कौतुक मला पुढे बरीच वर्षं पुरलं.

मग मोजणी खात्याचे मोजणीदार काका मला समुद्रावर घेऊन आले. वाळू संपून माती सुरू होते तो काठ. तिथून मागे, दाट झुडपांच्या आत, त्यांनी सिमेंटचा चौथरा बांधला, मला त्यावर उभं केलं आणि चार बोल्ट आवळले. मग काठापर्यंत पावलं मोजून वहीत लिहिलं, 'खांबापासून काठ चाळीस पावलं.' काम सोपं होतं. मी एका जागी उभं राहायचं, काकांनी दरवर्षी येऊन मोजायचं. आकडा वीसवर आला की मागच्या घरांना टेकडीच्या बाजूला नवी जागा द्यायची, असा नियम होता. "तू फक्त हलू नकोस," काका माझ्या अंगावर थाप मारून म्हणाले. मी मनापासून हो म्हटलं.

माझ्या मागे बर्फाचा कारखाना होता, त्यामागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे जाळीवाल्या मावशीचं घर. कोळ्यांची फाटलेली जाळी ती दुरुस्त करून देई आणि माझ्यापासून कारखान्याच्या कुंपणापर्यंत दोरी बांधून वाळत घाली. "हा आमचा राखणदार," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते ऐकून मी आणखी ताठ उभा राहायचो.

काठ खायला सुरुवात समुद्राने केली नाही, मित्रांनो. समुद्राचं नाव उगीच बद्दू होतं. सुरुवात केली डंपरांनी. बांधकामासाठी किनाऱ्यावरची वाळू भरून नेणारे ते डंपर माझ्या शेजारीच उभे राहत, आणि त्यातला एक चालवत होता मावशीचा सख्खा धाकटा भाऊ.

"अरे, किती नेशील?" मावशी एकदा त्याच्यावर ओरडली.

"ताई, तू पण ना! डंपरभर वाळूने काय समुद्र आटतो का?"

"समुद्र नाही आटत रे. जमीन आटते."

तो हसला आणि गाडी सुरू करून निघून गेला. लाट जोरात येते, वाळूवर पसरते आणि दमून परत जाते. वाळूच नसेल तर तीच लाट थेट मातीवर आदळते. हे मला लोखंडाला कळत होतं. माणसांना कळत नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही.

पुढे शेजारी एक हॉटेल उभं राहिलं. खोलीतून समुद्र नीट दिसत नाही म्हणून त्यांनी माझ्या भोवतीची झुडपं आणि वाळूवर पसरलेल्या वेली उपटून टाकल्या. मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहू लागली. त्यानंतर बंदरासाठी दगडांची लांबलचक भिंत थेट पाण्यात गेली. किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्याकडे येणारी वाळू त्या भिंतीपलीकडे अडून राहिली. म्हणजे होती ती नेली, येणारी अडवली आणि धरून ठेवणारी मुळं उपटली. याहून जास्त काय करायचं राहिलं होतं?

तरी मी निर्धास्त होतो, कारण वहीत खरं उतरत होतं. चाळीस, एकोणचाळीस, छत्तीस. काकांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. पण ते निवृत्त झाले आणि नवा मोजणीदार आला. त्याने पावलं मोजली. एकतीस भरली. त्याने वही चाळली, पहिल्या पानावरचा चाळीसचा आकडा पाहिला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"साहेब, खांब चुकीच्या जागी आहे," त्याने फोन लावून कळवलं. "चाळीसवर असायला हवा, एकतीसवर निघाला."

साहेबांनी वहीत लाल शाईने शेरा मारला, 'खांब जागेवर आणा.'

अहो, खांब चालतो का? मला काय पाय फुटले होते? पण बोल्ट तिथेच ठेवून मला उचललं गेलं, नऊ पावलं मागे नवा चौथरा झाला, आणि वहीत नोंद पडली, 'चाळीस पावलं. ठीक.'

त्यानंतर हे दरवर्षीचंच झालं. काठ मागे आला की मलाही मागे नेत. कारखान्याचं आवार ओलांडलं, रस्ता ओलांडला. माझ्या मागोमाग कारखान्याची भिंत समुद्रात कोसळली, विहिरीचं पाणी खारट झालं, रस्ता अर्धा तुटून गेला. वहीत मात्र 'चाळीस पावलं. ठीक.' मावशीने नव्या जागेसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'नोंदीनुसार धोका नाही.' ती नोंद म्हणजे मी! जिचा राखणदार म्हणवून घेतलं, तिच्याच घरावर माझ्या नावाने पाणी सोडलं जात होतं. लाजेने मला गंज चढला, असं म्हटलंत तरी चालेल.

यंदा मोजणीदार आला तेव्हा मी मावशीच्या अंगणात होतो. त्याने काठापासून पावलं टाकायला सुरुवात केली. तिसावं पाऊल उंबरठ्यावर पडलं. त्याने चपला काढल्या आणि तो मोजत मोजत आत गेला. चाळिसावं पाऊल स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी पडलं.

"मावशी, खांब इथे येतो," तो चाचरत म्हणाला.

मावशीच्या हातात जाळं होतं. तिने ते खाली ठेवलं.

"इथे? मग पुढच्या वर्षी कुठे नेणार, माझ्या उशाशी? बघू ती वही."

तिने वही हातात घेऊन लाल शाईचा शेरा मोठ्याने वाचला. "खांब जागेवर आणा. साहेबांचाच हुकूम आहे ना? मग जागेवरच नेऊ. मला माहीत आहे याची जागा. ओहोटीला पहिल्या चौथऱ्यापर्यंत चालत जाता येतं. तो पाण्याखाली गेल्यापासून त्याच्या बोल्टांवर फाटलेली जाळी मीच शिवतेय."

भाऊ दारात उभा होता. यावेळी तो हसला नाही. त्याने मला उपटून खांद्यावर घेतलं आणि ओहोटीच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पायाने चाचपत त्याला माझा पहिला चौथरा सापडला. बोल्ट आवळताना त्याचे हात थांबले.

"ताई," तो ओरडून म्हणाला, "मी इथे डंपर लावायचो गं."

मावशीने जाळ्याची दोरी माझ्यापासून काठापर्यंत ताणली. मोजणीदाराने ती वाळूवर पसरून तिच्या कडेने पावलं मोजली. पुन्हा चाळीसच भरली. मावशी शेजारी उभी राहिली, म्हणून त्याला पूर्ण लिहावं लागलं, 'खांबापासून काठ चाळीस पावलं. खांब समुद्रात.'

मावशीच्या नव्या जागेचा कागद अजून आलेला नाही. ती रोज सकाळी दारात येऊन आधी माझ्याकडे बघते. भरतीला पाणी माझ्या टोपीपर्यंत चढतं, पण मी हललेलो नाही.

मित्रांनो, वाळू, वेली आणि मुळं जपा, हे तर मी सांगतोच. आणखी एक सांगतो. कोणी वही उघडून तुम्हाला 'सगळं ठीक आहे' असं दाखवलं, तर लगेच मान डोलावू नका. खांब आधी कुठे होता, तेवढं विचारा.