रस्त्याची डावी कड

सकाळी पलंगावरून उतरताना लाबान आधी डावा पाय टेकवी आणि मग श्वास रोखून उजवा. दिवस कसा जाणार ते त्या पावलात कळायचं. उजव्या टाचेच्या वरची शीर रात्रभरात सुकलेल्या चामड्यासारखी आखडून बसलेली असे. दहा पावलांत सुटली तर ठीक. आज ती चुलीपर्यंत सुटली नाही.

"दाजी, किती झाली?" चुलीपाशी बसलेल्या रोडाने मान न वळवता विचारलं.

"सात."

"मी अकरा मोजली. आणि तुम्ही अजून लंगडताय."

रोडा म्हणजे त्याच्या बायकोची, सलिनाची धाकटी बहीण. सलिना आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. तेव्हा रोडा महिनाभरासाठी म्हणून आली होती. त्याला आता अकरा महिने झाले. लाबानच्या सहा वर्षांच्या मुलीचं, जेरोपचं खाणंपिणं, शाळा, वेण्या सगळं तीच बघे.

"पायाचं बाहेर कुठे बोलू नकोस," लाबान म्हणाला.

"मी कशाला बोलू? तुमची चालच गावभर बोलते."

हीच त्याची धास्ती होती. इटेनमध्ये निम्मं गाव पळतं आणि उरलेलं निम्मं पळणाऱ्यांचे पाय बघतं. दुकानापर्यंत साखर आणायला गेलं तरी कोणीतरी पावलांकडे बघून घेई. म्हणून लाबान हल्ली पाय मोकळा झाल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

दुखणं एका जागी राहतही नव्हतं. मार्चमध्ये उजवी नडगी आतल्या बाजूने दुखली. ती जरा बरी होते तोच डावा गुडघा बाहेरून कुरकुरू लागला. आता ही शीर. एक भोक बुजवावं तर छप्पर दुसरीकडून गळावं, तसं चाललं होतं.

आणि शनिवार तीन दिवसांवर आला होता.

प्रशिक्षक सेरेम सरांच्या गटातली पुरिटी पाच आठवड्यांनी युरोपात मॅरेथॉन पळणार होती. तिच्यापुढे तिसाव्या किलोमीटरपर्यंत एकसारखा वेग धरून पळायला एक पुरुष हवा होता. अशा माणसाला इथे ससा म्हणतात. जागा एक आणि ससे दोन होते, चौतीस वर्षांचा लाबान आणि तेवीस वर्षांचा ल्यूक. शनिवारच्या पस्तीस किलोमीटरच्या धावेत सर दोघांना पारखणार होते. त्या धावेच्या मागे पिकअप असे. थांबला तो तिच्यात बसे, आणि बसला तो त्या शर्यतीपुरता संपला. सरांचा नियम साधा होता.

मागच्या वर्षीचा ससा बाविसाव्या किलोमीटरला मांडी धरून खाली बसला होता. पुरिटी गोंधळून त्याच्यापाशी थांबली, मग एकटीच रडतरडत पळाली आणि एकोणिसावी आली. त्याची मांडी तीन आठवडे दुखत होती आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं. तेव्हा लाबाननेही त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा तोही तोंड शिवून बसला होता.

लाबान स्वतः कुठलीही मोठी शर्यत जिंकलेला नव्हता. त्याने सात वर्षं बायकोचा वेग धरला. तशी जोडपी इटेनमध्ये पुष्कळ आहेत. बायको शर्यती पळते. नवरा सरावात तिच्याबरोबर पळतो, पाणी देतो, संध्याकाळी पाय चोळतो. ल्यूकसारखी पोरं त्याला मागून 'बायकोचं घड्याळ' म्हणायची. लाबानला त्याचं काही वाटत नसे. सलिनाच्या पायांवर दोन खोल्या उभ्या राहिल्या, गाय आली. ती गेल्यावर गावाकडचा भाऊ म्हणाला, परत ये, मका आहे, जमीन आहे. लाबानला मक्याचं भय नव्हतं. आयुष्यात त्याला नीट जमणारी गोष्ट एकच होती, आणि ती फक्त एका माणसासाठीच जमत होती की काय, याचं भय होतं.

गुरुवारी दुपारी तो बारनाबाकडे गेला. म्हातारा बारनाबा पत्र्याच्या खोलीत पळणाऱ्यांचे पाय चोळतो. गाईच्या सडांना लावायचं मलम हेच त्याचं औषध. त्याने शीर अंगठ्याने दाबली तशी लाबानने फळीची कड घट्ट धरली.

"ओरड की," बारनाबा म्हणाला. "बाहेर कोणी नाही. ल्यूक सकाळीच येऊन गेला."

"त्याला काय झालंय?"

"काही नाही. तुझा पाय कसा आहे ते विचारत होता."

"मग? काय सांगितलंत, बाबा?"

"म्हटलं, पाय दोन आहेत. बूट दे तुझे."

बारनाबाने बूट उलटे करून शेजारीशेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिला. डाव्याचा तळ बाहेरच्या कडेला झिजून गुळगुळीत झाला होता. उजव्याचा आतल्या कडेला.

"तू कुठल्या डोंगराच्या उतारावर पळतोस रे?"

"रस्त्यावरच पळतो."

"रस्त्यावर नाही, रस्त्याच्या कडेला. डाव्या कडेला. मुरमाचा रस्ता मध्ये उंच आणि चराकडे उतरता. तुझा डावा पाय सदा खाली, उजवा सदा वर. इतकी वर्षं असं पळून तू अजून उभा कसा आहेस?"

लाबानला कारण ठाऊक होतं. सपाट जागा चाकोरीत असते, गाड्यांच्या चाकांनी दाबून घट्ट केलेल्या पट्ट्यात. तिथे सलिना पळायची. तिला पुढे कोणाची पाठ दिसलेली चालत नसे. तिला तो शेजारी हवा असे, अर्धं पाऊल मागे, पावलं ऐकू येतील असा. म्हणून तो तिच्या डावीकडे, चराच्या अंगाने पळे. रोज.

"तेव्हा ती होती," बारनाबा म्हणाला. "आता चाकोरी रिकामी कुणासाठी ठेवलीस?"

"गाड्यांसाठी."

"सकाळी सहाला गाड्या झोपलेल्या असतात."

लाबानने बूट ओढून घेतले. "बाबा, शनिवारपर्यंत पाय बरा होईल का, तेवढं सांगा."

"नाही होणार. चाकोरीत पळालास तर कमी रडेल, एवढंच. आणि सरांना सांग."

"सांगितलं तर ल्यूक जाईल."

"नाही सांगितलंस तर ती पोरगी पुन्हा रस्त्यात एकटी उभी राहील," बारनाबा म्हणाला आणि हात पुसायला लागला.

शुक्रवारी लाबान दोनदा सरांच्या फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. संध्याकाळी उगालीचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा ताटात तसाच राहिला. जेरोपने त्याच्या ताटातला गोळा हळूच आपल्याकडे ओढला, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सहाला पंधराजण निलगिरीच्या झाडांखाली जमले. तोंडातून वाफा निघत होत्या. सेरेम सर पिकअपच्या खिडकीतून म्हणाले, "पस्तीस. किलोमीटरला तीन मिनिटं पन्नास सेकंद. एकोणपन्नास नको, एक्कावन्न नको. ससे पुढे."

लाबान निघाला आणि पाय आपसूक डाव्या कडेला गेले. अर्धा किलोमीटर झाला नाही तोच मागून पुरिटीचा आवाज आला.

"दादा, चरात काही हरवलंय का?"

"काय?"

"माझ्यासमोर या की! सगळा वारा मला लागतोय."

तो चाकोरीत आला, तिच्या पुढे. दुसऱ्या कोणाच्या खुर्चीत बसल्यासारखं अवघडलं. सलिनाचा उजवा पाय दर चार पावलांनी जरासा घासायचा, अंधारातही ती कुठे आहे ते कळायचं. पुरिटीची पावलं हलकी होती आणि ती मागून येत होती. आहेत की नाहीत अशी शंका यायची. त्याला सारखं वळून बघावंसं वाटे. ससा वळून बघत नाही.

पहिला किलोमीटर तीन पन्नास. दुसरा तीन पन्नास. तिसरा एकोणपन्नास, चौथा पन्नास. वेग त्याच्या छातीतच होता, घड्याळाकडे फक्त खात्रीपुरतं बघायचं. ल्यूक त्याच्या खांद्याशी पळत होता, शीळ घालायला मोकळा असल्यासारखा.

लाबानच्या नकळत पाय पुन्हा डावीकडे सरकत.

"दादा, चर!" पुरिटी ओरडे.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मागची पोरं एकदम ओरडली, "दादा, चर!" आणि हसली. हसू त्यालाही आलं असतं, पण त्याचं सगळं लक्ष टाचेवर होतं. शीर गरम झाली होती. दुखत नव्हती. दुखत नाही याचीच भीती वाटत होती.

चोविसाव्याला ती दुखू लागली. सत्ताविसाव्याला पावलागणिक कोणीतरी आतून सुरी फिरवू लागलं. आणखी आठ किलोमीटर. तो हिशेब करू लागला. दात दाबून आठ जातील. सात वर्षांत याहून वाईट दिवस काढले होते. आज पस्तीस झाले की जागा त्याची. पण उद्या सकाळी? परवा? आणखी आठ किलोमीटर पेटवलेली शीर पाच आठवड्यांत सावरत नाही. मग त्या परक्या शहरात तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहील, मागे ही पोरगी त्याच्या पाठीवर भरवसा ठेवून, आणि बाविसाव्याला, पंचविसाव्याला…

अठ्ठावीस. तीन पन्नास. एकोणतीस. तीन पन्नास.

सलिना असती तर तिने केव्हाच ओळखलं असतं. ती पावलं ऐकायची. या पोरीला ऐकू येत नव्हतं. हिला सांगावंच लागणार होतं.

"पुरिटी," तो मान न वळवता म्हणाला, "तिसाव्याच्या दगडाशी मी बाजूला होतोय. पाय गेलाय. तू थांबू नकोस."

मागून क्षणभर नुसती पावलं. मग, "दादा, खरंच?"

"खरंच. तीन पन्नासच ठेव. कोणी ओढलं तरी जाऊ नकोस."

दगड आला. त्याने हात वर केला आणि चाकोरी सोडून कडेला उभा राहिला. पुरिटी गेली. ल्यूक पुढे झाला. पिकअप येऊन थांबली तेव्हा लाबान दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून होता. पाण्याच्या डब्यांमध्ये जागा करून तो मागे बसला. सर पुढची जागा सोडून त्याच्याशेजारी येऊन बसले आणि ड्रायव्हरने पिकअप काढली. सर बराच वेळ घड्याळच बघत होते.

"कधीपासून?"

"मार्चपासून, सर."

"मार्च! आणि मला आज कळतंय?"

"आज तरी सांगितलं."

सर त्याच्याकडे रागाने बघत राहिले. तेवढ्यात एकतिसाव्याचा दगड गेला. सरांनी घड्याळ दाबलं आणि उभे राहून ओरडले, "ल्यूक! तीन अडतीस! घरी गाय व्यायली का रे?"

ल्यूक हबकून मंदावला. बत्तिसावा तीन अठ्ठावन्न. पुरिटीने त्याला हाताने बाजूला सारलं, स्वतः पुढे झाली आणि तेहतिसावा बरोबर तीन पन्नासमध्ये नेला.

"बघितलंस?" सर खाली बसत म्हणाले. "त्याला पाय आहेत, वेग नाही. तुला वेग आहे, पाय नाही. देव दोन्ही एका माणसाला का देत नाही?"

लाबान शीर चोळत राहिला. नियम त्याला ठाऊक होता.

"शर्यतीत ससा कितव्याला बाजूला होतो?" सरांनी विचारलं.

"तिसाव्याला."

"तू कितव्याला झालास?"

लाबानने वर बघितलं.

"मागच्या वेळचा न सांगता बसला," सर म्हणाले. "तू सांगून उतरलास. सोमवारी तुझं नाव पाठवतो. ल्यूकचं राखीव. दहा दिवस पळायचं नाही, सायकल मारायची. रोज सकाळी मला फोन करायचा, लंगडत किती पावलं चाललास ते सांगायला. खोटं सांगितलंस तर ल्यूक जाईल."

"खरं सांगेन."

"आणि हे बूट फेक. चप्पल बरी यापेक्षा." सरांनी टपावर थाप मारून आतल्या पोत्यातून नवे बूट मागवले आणि त्याच्या मांडीवर टाकले.

घरी आल्यावर रोडाने आधी त्याच्या तोंडाकडे आणि मग पायांकडे बघितलं. "झालं की गेलं?"

"झालंय. पण पाय टिकला तर. दहा दिवस पावलं मोजायचीत."

"ती मी मोजते. तुम्हाला मोजता येत नाहीत." तिने चहा ओतला. मग दारातले जुने बूट उचलून उलटसुलट केले. "वरून चांगलेच आहेत की. शेजारच्या जोएलला देऊ? त्याच्याकडे एकच जोड आहे."

"नको. त्याचा पाय बिघडेल."

"मग जाळू?"

लाबानने बूट तिच्या हातून घेतले. डाव्याची झिजलेली कड अंगठ्याने एकदा पुसली, तिच्यावरचा लाल मुरूम गेला नाही.

"राहू देत," तो म्हणाला आणि ते पलंगाखाली, भिंतीच्या अंगाला सारून ठेवले.