जुन्या गावठाणातला आड

केवळाबाईंनी काठी जमिनीत रोवली आणि म्हणाल्या, "हितं."

जेसीबीने तिसरा खड्डा घेतला. वेड्या बाभळीची मुळं निघाली, पांढरी माती निघाली, एका जात्याची अर्धी तळी निघाली. आड काही निघाला नाही.

सरपंच शिवांगी कमरेवर हात ठेवून बघत होती. या गावची सून होऊन तिला सहा वर्षं झाली होती. जुनं गाव तिने फक्त ऐकलेलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं आणि दोन किलोमीटरवरच्या माळावर नवं गाव वसलं. तिथले बोअर आता सातशे फुटांवरही कोरडे जात होते. म्हणून ग्रामसभेने ठरवलं होतं, यापुढे बोअर पाडायचा नाही, बाहत्तरच्या दुष्काळातही न आटलेला जुना आड मोकळा करायचा. पण ढिगाऱ्याखाली तो नेमका कुठे, हे सांगणारी दोनच माणसं उरली होती. एक हणमंतराव, ज्यांना आता धड दिसत नव्हतं, आणि दुसऱ्या केवळाबाई, आडाजवळच्या बोळात नांदलेल्या.

"वहिनी," मारुतीच्या पडक्या ओट्यावरून हणमंतराव म्हणाले, "आड तर पार उगवतीला होता. तुम्ही मावळतीला कशाला खांदायला लावता?"

केवळाबाई काठीच्या टोकाला लागलेली माती बोटाने खरवडत राहिल्या.

शिवांगीने मशीन बंद करायला सांगितलं. केवळाबाईंना बाभळीच्या सावलीत नेऊन तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"माय, तुमचं मन नसंल तर तसं सांगा. सभेत मी बोलते."

केवळाबाईंनी बाटली घेतली, पण उघडली नाही.

"तिथं मुद्रिका हाय," केवळाबाई म्हणाल्या.

हे नाव शिवांगीला माहीत होतं. नव्या गावातल्या स्मृतिस्तंभावर ते कोरलेलं होतं. केवळाबाईंची अकरा वर्षांची लेक, घरात झोपेतच गेली, असं सगळं गाव सांगायचं.

"ती घरात न्हवती, बाई. पहाटं मीच कळशी देऊन तिला आडावर धाडलं. गणपती बुडवून आल्यालं गाव निजलं होतं, म्हनलं गर्दी नसंल. सासूबाई म्हनल्या, अंधारात पोरीला धाडू नगंस. मी ऐकलं न्हाई. चूल पेटवाया अंगणात आले, आन् जिमीन हालली."

"मग?"

"मिल्ट्रीवाले आले. पोरगी कुठं म्हून इचारलं. मालक लातूरहून पळत आल्याले, पुढ्यातच हुभे. मी म्हनले, घरात निजलीया." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तीन दिस त्यांनी नुसतं घरच उकरलं."

घराखाली सासूबाई सापडल्या, मुद्रिका नाही. ओळख न पटलेल्यांना एकत्रच अग्नी दिला होता, त्यात ती गेली असेल, असं सगळे धरून चालले. मालकांनीही तेच धरलं. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही त्यांना खरं ठाऊक नव्हतं.

केवळाबाई उठल्या. कुठेही न अडखळता उगवतीकडे चालत गेल्या आणि बाभळीच्या दाट जाळीपाशी थांबल्या.

"ह्याच्या खाली. पर हळू उकरा."

दुपारपर्यंत आडाचा काळा कठडा उघडा पडला.

पुढचं काम अकरा दिवस चाललं. आत माणसं उतरत होती, दोराने गाळ वर येत होता. केवळाबाई सकाळीच येऊन बसत. गाळाची प्रत्येक पाटी आधी त्यांच्यापुढे ओतली जाई आणि त्या एकेक ढेकूळ बोटांनी फोडत. शिवांगीने कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

दगड निघाले, रहाटाचं चाक निघालं. एक चेपलेली घागर निघाली. तिच्या गळ्यावरची अक्षरं बोटांनी चाचपून हणमंतरावांनी आपल्या आईचं नाव वाचलं आणि घागर मांडीवर घेऊन ते बसून राहिले. अकराव्या दिवशी तळाचा खडक लागला आणि कपारीतून झरा फुटला. दुसरं काही निघालं नाही.

जमलेल्या बायका म्हणाल्या, पहिलं पाणी केवळामायला द्या. त्यांनी तांब्या घेतला, दोन घोट प्यायल्या.

"माय, ती तिथं न्हवती," शिवांगी हळूच म्हणाली. "बरंच झालं की."

"कळशीबी न्हाई निघाली."

"न्हाई."

"म्हंजी भरून घिऊन निघाली होती," केवळाबाई म्हणाल्या. त्यांची नजर आडावरून उठली होती. आडापासून त्यांच्या घरापर्यंत एक बोळ होता. दोन्ही बाजूंच्या भिंती त्यात पडल्या, त्या तशाच होत्या. तिथे कधी कुणी शोधलं नव्हतं.



दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपलाइनची आखणी होती. मोकळ्या रानातून नव्या गावाकडे चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ ओढून झाली, तेव्हा केवळाबाई आल्या.

"पाइप ह्या बोळातनं न्या."

"आजी, तिथं नुसता ढिगारा हाय," मशीनवाला म्हणाला. "मशीन जाणार न्हाई."

"मशीन नगंच."

त्या खाली बसल्या. समोरचा पहिला दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि आवाज न करता बाजूला ठेवला.