बावीस हसरे चेहरे

“भाऊ, मी कोन्त्या तोंडावर अंगठा लावू?” मनकर्णाबाईंनी कागद पुढे केला.

कागदावर तीन चेहरे छापलेले होते. एक हसरा, एक गप्प, एक रडका. वर प्रश्न होता : उन्हाळ्यात कामावर तुम्ही आनंदी आहात का?

“मले नका विचारू, माय. मनात जे असन ते लावा,” जानराव म्हणाले आणि शेडबाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. आपण समोर असलो तर बायका मोकळेपणानं सांगणार नाहीत, एवढाच त्यांचा विचार. भलेपणाही कधी कधी असा अंगाशी येतो.

मेहकर रस्त्यावरच्या त्या बियाणे कंपनीत जानराव एकोणीस वर्षं सुपरवायझर होते. मे महिना म्हणजे तिथे मरणाची घाई. पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं निवडून पोत्यांत भरायचं असतं. बावीस बायका सुपं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसायच्या आणि डागी दाणे वेचायच्या. वेळ दहा ते पाच. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आतलं तर विचारूच नका. शेतातली बाईसुद्धा दुपारी झाडाची सावली धरते, या मात्र पत्र्याखाली भाजून निघायच्या. जानराव तीन उन्हाळे कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसकडे एकच मागणं मागत होते, पाळी सकाळी सहा ते एक करा. मनकर्णाबाईंचं वय साठीच्या पुढे, हिवरा आश्रम गावाहून रोजचं येणं-जाणं. त्या महिन्यात त्यांना दोनदा भोवळ आली होती. तिसऱ्यांदा काय होईल, या धास्तीनं जानरावांचा जीव टांगणीला लागला होता.

तसं पुण्याच्या ऑफिसनं काहीच केलं नाही, असंही नाही. उन्हाळ्यात कर्मचारी खूश राहावेत म्हणून त्यांनी टोप्या पाठवल्या. शुक्रवारी दुपारी संगीत खुर्ची ठेवली. पंचेचाळीस डिग्रीत संगीत खुर्ची! ज्या डोक्यातून हे निघालं त्याला लांबूनच दंडवत.

मग हे चेहऱ्यांचे कागद आले, आणि ते वाटायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या प्रेरणा मॅडमचा फोन आला. “जानराव, ज्या शेडमध्ये रडके चेहरे निघतील, तिथली वेळ मी लगेच बदलून देते. पण बायकांना हे सांगायचं नाही हं. मला खरी उत्तरं हवीत.”

जानरावांनी शब्द दिला आणि पाळलाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला म्हणाले, “रुख्मिणी, औंदा पाळी बदलतेच पाय.” कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

बुधवारी निकाल आला. बावीसपैकी बावीस हसरे. कंपनीच्या सगळ्या शेडमध्ये यांचा पहिला नंबर.

“काय जादू केलीत हो? तुमच्याकडे तर काही बदलायची गरजच नाही!” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, तसं नाही हो. बायका इथं भाजून राह्यल्या.”

“मग त्यांनी तसं सांगितलं असतं की,” असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

जानराव तडक शेडमध्ये शिरले. बारावी शिकलेली सुचिता बायकांना कागद वाचून दाखवायची. तिलाच त्यांनी गाठलं. “काऊन वं सुचिता, तुमाले खरंच गोड वाटून राह्यलं का इथं?”

सुचिता ओशाळली. “भाऊ, वरून कागद आला म्हंजे ती साहेबाची परीक्षा असते. तुमी बाहेर जाऊन उभे राह्यले. आमाले वाटलं, भ्याले बिचारे. रडकं तोंड लावलं असतं तं तुमचीच नोकरी गेली असती ना! मनकर्णामावशीनं सगळ्याइले दम देल्ला, म्हने भाऊचं नाव खाली जाऊ देऊ नका.”

आता या मायेला काय म्हणावं? रागवायला आलेले जानराव तसेच परत फिरले. दिलेला शब्द मोडला असता तर बरं झालं असतं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते फार झोंबलं.

शनिवारी दुपारी अडीच वाजता मनकर्णाबाई बसल्या जागी कलंडल्या. जानरावांनी त्यांच्या डोक्यावर ओला पंचा धरला आणि रिक्षात घालून मेहकरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डावं अंग मात्र गेलं आणि जीभ जड झाली.

आठवड्यानं जानराव हिवऱ्याला त्यांच्या घरी गेले. माफी मागायची, असं ठरवूनच गेले होते. पण मनकर्णाबाईच आधी बोलल्या.

“भाऊ... नंबर आला म्हंते आपला?”

“आला, माय. पयला आला.”

“माही जागा कोनाले देऊ नका. पंधरा दिवसात येतो मी.”

“नाही देत,” जानराव म्हणाले. माफीचं राहूनच गेलं.

सोमवारी पुण्याहून फोन आला, बाई कमी पडते, नवी घ्या. “जागा भरली, मॅडम,” जानरावांनी सांगितलं. हजेरी घेतली, चष्मा पुसला, आणि मनकर्णाबाईंचं सूप मांडीवर घेऊन ते पत्र्याखाली बसले.

“भाऊ, तुमी काऊन बसले इथं?” सुचिता गडबडून म्हणाली.

“दाने डागी हायेत, पाय,” म्हणत त्यांनी मान खाली घातली. दुपारी एकला सगळ्या बायका पाणी प्यायला उठल्या. जानराव उठले नाहीत, दाणे वेचत राहिले.